पक्ष्यांच्या बेटांवर

आशिया खंडाचा नकाशा समोर ठेवा आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्याकडे नजर टाका. तेथून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत समुद्रात हजारो बेटे विखुरलेली दिसतील. काही बेटे आपल्या महाराष्ट्राहून मोठी आहेत, तर काही इतकी लहान, की नकाशात त्यांच्या वाट्याला ठिपकाही आलेला नाही. या बेटांवर ज्वालामुखी आहेत, उंच डोंगर आहेत आणि डोंगरांवर दाट अरण्ये आहेत. लवंग आणि जायफळ एके काळी येथूनच साऱ्या जगात जात असे. आज यांतील बहुतेक बेटे इंडोनेशिया या देशात मोडतात.

इ. स. १८५४ मध्ये एक इंग्रज प्रवासी या भागात आला. तो व्यापारी नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता, की धर्मप्रसारकही नव्हता. त्याच्या सामानात फुलपाखरे पकडण्याची जाळी, टाचण्या, बंदुका आणि रिकाम्या पेट्या होत्या. आठ वर्षे तो बेटामागून बेट फिरत राहिला. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस.

आल्फ्रेडचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील उस्क या गावाजवळ झाला. वडिलांनी होता तो पैसा चुकीच्या व्यवहारांत गमावला होता. त्यामुळे चौदाव्या वर्षीच आल्फ्रेडची शाळा सुटली. थोरला भाऊ विल्यम जमीन मोजणीचे काम करत असे. त्याच्या हाताखाली आल्फ्रेड मोजणीसाठी रानोमाळ हिंडू लागला. साखळी ओढता ओढता त्याचे लक्ष बांधावरच्या रोपांकडे जाई. हे रोप कोणते, याची पाने अशी का, असे प्रश्न त्याला पडत. पुढे लेस्टर शहरात शिक्षकाची नोकरी करत असताना त्याची हेन्री बेट्स या तरुणाशी मैत्री झाली. बेट्सला भुंगेरे जमवण्याचा नाद होता. एका लहानशा गावाच्या परिसरात भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती सापडतात, हे पाहून वॉलेस चकित झाले. एवढ्या जाती आल्या कोठून? हा प्रश्न त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला.

उत्तर शोधायचे तर दूरच्या अरण्यात जायला हवे होते. पण खिशात पैसा नव्हता. तेव्हा दोघा मित्रांनी एक युक्ती काढली. पक्षी, कीटक जमवून लंडनला पाठवायचे, तेथील दलालाने ते संग्रहालयांना आणि हौशी श्रीमंतांना विकायचे आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा. १८४८ मध्ये ते दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात पोहोचले. वॉलेस तेथे चार वर्षे राहिले. त्यांना मदत करण्यासाठी धाकटा भाऊ हर्बर्टही मागाहून आला. १८५१ मध्ये पीतज्वराने त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी वॉलेस दूर अरण्यात होते. त्यांना भावाचे अखेरचे दर्शनही झाले नाही.

१८५२ मध्ये ते मायदेशी निघाले. चार वर्षांच्या कष्टाने जमवलेला सर्वांत चांगला संग्रह त्यांच्याबरोबर होता. समुद्रात तीन-चार आठवडे गेल्यावर जहाजाला आग लागली. धुराने भरलेल्या खोलीतून काही चित्रे आणि थोडे कागद एका पत्र्याच्या पेटीत घालून वॉलेस होडीत उतरले. डोळ्यांसमोर जहाज जळून बुडाले. अटलांटिक महासागरात उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर दुसऱ्या एका जहाजाने त्यांना वाचवले. दलालाने संग्रहाचा विमा उतरवला होता, म्हणून उपासमार टळली एवढेच.

तरीही एक गोष्ट जळाली नव्हती, ती म्हणजे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. मोठ्या नदीच्या एका काठावर एका जातीची माकडे, तर दुसऱ्या काठावर दुसऱ्याच जातीची, असे त्यांना आढळले होते. तेथील शिकाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. ठरावीक प्राणी हवा असला, की ते सरळ नदी ओलांडून पलीकडे जात. पुस्तकी विद्वानांना मात्र याचा पत्ता नव्हता. संग्रहालयातील नमुन्यांना जोडलेल्या चिठ्ठ्यांवर नुसते ब्राझील किंवा पेरू असे लिहिलेले असे. ब्राझील म्हणजे केवढा मोठा देश! वॉलेस यांनी त्या वर्षीच लंडनमध्ये हे बोलून दाखवले. प्राणी कोणता एवढे पुरेसे नाही. तो नेमका कोठे मिळाला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मलाय बेटांवर त्यांनी हा नियम कसोशीने पाळला.

सिंगापूरला पोहोचल्यावर त्यांचा दिवस ठरून गेला. पहाटे साडेपाचला उठायचे, कॉफी घ्यायची, आदल्या दिवशीचे कीटक नीट लावायचे आणि नऊच्या सुमारास रानात शिरायचे. त्या काळी सिंगापूरच्या जंगलात वाघ होते. त्यांना पकडण्यासाठी खोल खड्डे खणून वर फांद्या पसरून ठेवलेल्या असत. कीटकांच्या मागे धावणाऱ्या माणसाला वाघापेक्षा या खड्ड्यांचीच भीती जास्त!

तेथून ते बोर्निओ बेटावरील सारवाक येथे गेले. या बेटावर ओरांग उटान नावाचे मोठे वानर राहतात. मलाय भाषेत या शब्दांचा अर्थ रानातला माणूस असा होतो. संग्रहासाठी वॉलेस यांनी अनेक ओरांग उटान बंदुकीने मारले. हे वाचून तुम्हांला वाईट वाटेल आणि वाटायलाच हवे. त्या काळी प्राण्यांचा अभ्यास असाच होत असे. एकदा मारलेल्या मादीजवळ चिखलात तिचे इवलेसे पिल्लू सापडले. वॉलेस ते घरी घेऊन आले. दूध मिळेना, म्हणून भाताची पेज पाजू लागले. पिल्लू आईच्या केसांना धरू पाही. त्यासाठी त्यांनी म्हशीच्या कातड्याचे गाठोडे करून त्याला एक खोटी आईसुद्धा करून दिली. पण त्या कातड्याचे केस तोंडात जाऊन पिल्लू गुदमरू लागले, म्हणून ती आई काढून घ्यावी लागली. जवळजवळ तीन महिने त्यांनी त्याला जपले. पण ते जगले नाही.

सारवाकमध्येच १८५५ च्या अखेरीस वॉलेस यांना अली भेटला. अली हा पंधरा वर्षांच्या आसपासचा मलाय मुलगा. तो स्वयंपाकासाठी कामाला लागला. त्याच्याशी रोज बोलावे लागल्यामुळे आपल्यालाही मलाय भाषा येईल, असा वॉलेस यांचा हिशेब होता. तो हिशेब खरा ठरला. अली स्वच्छ, चलाख आणि होडी चालवण्यात तरबेज होता. पक्षी अचूक टिपायला आणि त्याचे कातडे न फाडता सोलून भरायला तो लवकरच शिकला. नवे नोकर आले, की त्यांना काम शिकवण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येई.

१८५६ च्या जून महिन्यात हे दोघे बाली बेटावर उतरले. तेथे किनाऱ्यावरच्या झाडांना सुगरणीची घरटी लोंबत होती. सुतार पक्षी होते. आपल्या गावात टुक टुक असा आवाज करणारा तांबट असतो ना, तोही तेथे होता. थोडक्यात, सारे पक्षी आशियातील. दोन-तीन दिवसांनी ते समोरच्या लोंबोक बेटावर गेले. मधली सामुद्रधुनी एका ठिकाणी २५ किलोमीटरसुद्धा रुंद नाही. पण पलीकडे पोहोचल्यावर तांबट नाही, सुतार नाही! त्याऐवजी झाडांवर पांढरे काकाकुवे ओरडत होते. काकाकुवा हा ऑस्ट्रेलियाकडचा पक्षी. आणखी एक विचित्र पक्षी तेथे होता. तो पालापाचोळा आणि माती यांचा मोठा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने ती उबतात.

लोंबोकमध्ये त्यांना राहायला एकच लहान खोली मिळाली होती. मुंग्या एवढ्या, की सोललेला पक्षी क्षणभर खाली ठेवायची सोय नाही. शेवटी एका जुन्या बाकाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या नारळाच्या करवंट्यांत ठेवले, तेव्हा कोठे पक्षी वाचले. अशा खोलीत बसून वॉलेस विचार करत होते. हवा तीच, पाऊस तोच, माती तशीच. मग पक्षी वेगळे का? समुद्राच्या त्या अरुंद पट्ट्यात असे काय आहे?

याचे उत्तर पाण्याखाली होते. बालीच्या बाजूचा समुद्र उथळ आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा बाली, जावा, सुमात्रा आणि बोर्निओ ही बेटे आशियाला जमिनीने जोडलेली होती. बाली आणि लोंबोक यांच्यामधला समुद्र मात्र फार खोल आहे. तो तेव्हाही आटला नाही. हिमयुगाचे हे आकडे वॉलेस यांच्यापाशी नव्हते. तरी उथळ समुद्राची बेटे एकदा जोडलेली असावीत, हे त्यांनी ओळखले. बाली-लोंबोक आणि बोर्निओ-सुलावेसी यांच्यामधून त्यांनी नकाशावर एक रेषा काढली. पुढे १८६८ मध्ये तिला वॉलेस रेषा हे नाव मिळाले. आजही भूगोलाच्या पुस्तकांत ती याच नावाने छापतात.

आता त्यांना ओढ लागली होती ती स्वर्गपक्ष्यांची. या पक्ष्यांची सुकवलेली कातडी युरोपात शेकडो वर्षे विकली जात होती. विकणारे त्यांचे पाय कापून टाकत. त्यामुळे हे पक्षी जमिनीवर कधी उतरतच नाहीत, अशी युरोपात समजूत पसरली होती. एका जातीचे तर शास्त्रीय नावच बिनपायांचा असे पडले! त्यांना जिवंत पाहायचे, तर आरू बेटांवर जायला हवे होते. मकासर बंदरातून वर्षातून एकदाच, वाऱ्याची दिशा बघून, तिकडे गलबते जात. १८५६ च्या डिसेंबरात वॉलेस अशाच एका गलबतात चढले. सुमारे दीड हजार किलोमीटरचा तो प्रवास होता. वेळ मोजायला गलबतावर एक सुंदर साधन होते. पाण्याच्या बादलीत तळाला बारीक भोक असलेली करवंटी तरंगत असे. बरोबर एक तास झाला, की ती बुडे. आपल्याकडच्या जुन्या घटिकापात्राचाच हा भाऊ!

आरू बेटावर स्थानिक माणसांनी त्यांना जंगलातल्या वाटा दाखवल्या. मकासरहून बरोबर आणलेल्या एका मुलाने एके दिवशी लालभडक रंगाचा लहानसा पक्षी आणून दिला. त्याच्या शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या आणि टोकाला हिरवी वर्तुळे. तो राजा स्वर्गपक्षी होता. वॉलेस आनंदाने वेडे झाले. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात एक दुःखद विचार आला. पिढ्यान्पिढ्या हे पक्षी येथे जन्मले आणि मेले, त्यांना पाहायला कोणी नव्हते. उद्या सुधारलेली माणसे येथे येतील, तेव्हा ही अरण्ये आणि हे पक्षी नाहीसे होतील. जगातील सारे जीव माणसासाठी निर्माण झालेले नाहीत, असे त्यांनी तेव्हा लिहून ठेवले. गावातल्या एका म्हाताऱ्याला मात्र वेगळीच शंका होती. एवढे मेलेले पक्षी कोणी कशाला नेईल? हा माणूस समुद्रावर गेला, की सगळ्यांना पुन्हा जिवंत करणार, अशी त्याची पक्की खात्री होती!

१८५८ च्या जानेवारीत वॉलेस तेर्नाते या लहानशा बेटावर आले. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखीच. लवंगेच्या व्यापारामुळे तेथील सुलतान एके काळी फार प्रबळ होते. वॉलेस यांनी तेथे एक घर भाड्याने घेतले. पुढील तीन वर्षे ते त्यांचे ठाणे होते. फेब्रुवारीत त्यांना थंडीतापाने गाठले. बाहेर ऊन आणि हे घोंगडी पांघरून कुडकुडत पडलेले. तशात जुना प्रश्न पुन्हा डोक्यात आला. प्रत्येक प्राण्याला पुष्कळ पिल्ले होतात, पण त्यांतली बहुतेक मरतात. मग जगतात कोणती? पिल्ले एकसारखी नसतात. कोणी थोडे चपळ, कोणी थोडे बळकट. ज्यांचा वेगळेपणा परिस्थितीला जुळतो ती जगतात आणि आपला गुण पुढच्या पिढीला देतात. हजारो पिढ्यांनंतर त्यांतून नवी जात तयार होते. ताप उतरताच दोन संध्याकाळी बसून वॉलेस यांनी हे लिहून काढले आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांना पाठवून दिले.

डार्विन यांना जूनमध्ये ते पत्र मिळाले आणि धक्काच बसला. ते स्वतः वीस वर्षे याच विचारावर काम करत होते, पण त्यांनी ते प्रसिद्ध केले नव्हते. शेवटी त्यांच्या मित्रांनी मार्ग काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेस यांची परवानगी कोणी विचारली नव्हती. विचारायची म्हटले तरी पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत निम्मे वर्ष गेले असते.

त्या दिवशी वॉलेस कोठे होते? न्यू गिनीच्या किनाऱ्यावर एका झोपडीत. त्यांच्या पायाला इजा झाली होती. बरोबरची माणसे तापाने अंथरुणाला खिळली होती. काही दिवसांपूर्वीच त्यांपैकी जुमात नावाचा तरुण मरण पावला होता. त्याच्या सोबत्यांनी मुस्लिम रीतीने त्याचे दफन केले. कफनासाठी वॉलेस यांनी कोरे कापड दिले. लंडनमध्ये आपल्या नावाची चर्चा होत आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते बाचान बेटावर होते. एके दिवशी अली जंगलातून परतला. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला पक्षी लटकत होते. त्यांतला एक त्याने मोठ्या आनंदाने पुढे केला. पक्ष्याच्या छातीवर चमकदार हिरवी पिसे होती. पण खांद्यांतून निघालेली लांब पांढरी पिसे पाहून वॉलेस गोंधळून गेले. असा पक्षी कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो स्वर्गपक्ष्यांची एक अगदी नवी जात होता. लंडनच्या तज्ज्ञांनी त्याला वॉलेस यांचे नाव दिले. तो पक्षी शोधणाऱ्या अलीचे नाव त्यात कोठेही नाही. आज पक्षिनिरीक्षक पहाटेच्या अंधारात वाटाड्याबरोबर तेथील जंगलात जातात आणि नराचा नाच दुर्बिणीतून पाहतात. बंदुकीची गरज उरलेली नाही.

१८६० मध्ये वायगेओ बेटावर वॉलेस यांना तांबडा स्वर्गपक्षी हवा होता. तेथील लोक तो फासा लावून जिवंत पकडत. वॉलेस यांनी कुऱ्हाडी, मणी असे सामान आगाऊ देऊन टाकले आणि माणसे जंगलात निघून गेली. लेखी करार नाही, साक्षीदार नाही. पण सर्व जण बोलल्याप्रमाणे पक्षी घेऊन परत आले. एकाचा शेवटचा एक पक्षी बाकी होता. गलबत सुटायच्या बेतात असताना तो धावत आला, पक्षी हातात दिला आणि आता देणे फिटले म्हणून समाधानाने निघून गेला. वायगेओला येताना वाटेत दोन खलाशी एका ओसाड बेटावर अडकले होते. वारा आणि प्रवाह यांमुळे गलबत पुन्हा तिकडे नेता येईना. महिनाभर कंदमुळे आणि शिंपले खाऊन ते जगले आणि मग त्यांची सुटका झाली.

१८६१ मध्ये वॉलेस जावा बेटावरील उंच डोंगर चढले. पायथ्याला केळी आणि ताड, मध्ये शेवाळाने लगडलेली ओली अरण्ये आणि सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या माथ्याजवळ चक्क युरोपात फुलणारी फुले! उंचीप्रमाणे झाडे आणि कीटक बदलत जात. खोल समुद्र जसा सजीवांना अडवतो, तशी हवेची उष्णताही अडवते, हे तेथे डोळ्यांना दिसत होते.

१८६२ च्या आरंभी सिंगापूरला वॉलेस आणि अली यांची ताटातूट झाली. वॉलेस यांनी अलीला पैसे, बंदुका आणि दारूगोळा दिला आणि त्याचा एक फोटो काढवून घेतला. मग ते दोन जिवंत स्वर्गपक्षी घेऊन बोटीत बसले. पक्ष्यांना केळी लागत आणि झुरळेही लागत. केळ्यांचा नवा साठा घ्यायला वॉलेस आपल्या मुंबईत आठवडाभर थांबले! पुढे झुरळे संपली, तेव्हा माल्टा बेटावरील एका बेकरीतून त्यांनी ती डबे भरून घेतली. १ एप्रिल १८६२ रोजी दोन्ही पक्षी सुखरूप लंडनला पोहोचले.

या आठ वर्षांत त्यांनी सुमारे २२,५०० किलोमीटर प्रवास केला. १,२५,६६० नमुने जमवले. त्यांत ८,०५० पक्षी होते. यांतील कितीतरी अलीने टिपलेले होते. १८६९ मध्ये वॉलेस यांचे मलाय बेटांवरील पुस्तक निघाले. ते त्यांनी डार्विन यांना अर्पण केले. डार्विन यांच्याबद्दल त्यांनी कधी मत्सर बाळगला नाही. उलट, उत्क्रांतीवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथाला त्यांनी डार्विन यांचेच नाव दिले. पुढे पैशाची चणचण भासू लागली, तेव्हा डार्विन यांनी खटपट करून त्यांना सरकारकडून निवृत्तिवेतन मिळवून दिले. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी नव्वदाव्या वर्षी वॉलेस यांचे निधन झाले.

त्याआधी सहा वर्षे, १९०७ मध्ये, एक अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ तेर्नातेला गेला होता. तेथे त्याला एक सुरकुतलेले वृद्ध गृहस्थ भेटले. डोक्यावर विटलेली निळी टोपी होती. आपण आल्फ्रेड वॉलेस यांच्याबरोबर अनेक वर्षे फिरलो, असे त्यांनी सांगितले. नाव विचारल्यावर त्यांनी आपले नाव अली वॉलेस असे सांगितले.